मायाप्पांच्या तोंडावरचा डाग

"मग चूक कुणाची, उस्ताद? दुकानदाराचीच ना?"

शार्दूल उभ्यानेच विचारत होता. युसूफ उस्तादांनी त्याला दोनदा बस म्हटलं होतं. म्हसवडच्या त्यांच्या लहानशा फोटो स्टुडिओत तो बसायला तयारच नव्हता.

राग यावा असंच घडलं होतं.

म्हाताऱ्या मायाप्पांनी बिरोबाच्या देवळापुढे शेवटचं धनगरी गजीनृत्य केलं, ते शार्दूलने टिपलं होतं. समोरून कलतं ऊन, हवेत उडालेला रुमाल, पायांभोवती धूळ. आठवड्याने मायाप्पा गेले. त्यांची लेक सुलाबाई भिंतीवर लावायला फोटो मागायला आली, तेव्हा देण्याजोगा एकही निघाला नाही. जिथं मायाप्पांचं तोंड, तिथं हिरवा डाग. लेन्स जपायला वर बसवलेल्या हलक्या प्रतीच्या काचेच्या फिल्टरने उन्हाची तिरीप परत आत फेकली होती. डाग काढायला जावं, तर खाली चेहराच उरत नव्हता.

पदराचं टोक घेऊन सुलाबाईने फोटोवरचा डाग पुसून पाहिला. मग निघून गेली.

महागड्याच्या तोडीचा म्हणून दुकानदाराने तो फिल्टर गळ्यात मारला होता. शार्दूल त्याच्याशी भांडूनच इकडे आला होता.

"चांगला फिल्टर ओळखायचा कसा, तेवढं सांगा. पुन्हा मला कुणी फसवता कामा नये."

उस्तादांनी सांगितलं. डबीवरच्या सोनेरी अक्षरांना भुलू नये. काच दिव्याखाली तिरपी धरावी. दिवा तिच्यात लख्ख पांढरा दिसला तर ती परत करावी, मंद हिरवट-जांभळा दिसला तर काचेवरचा लेप चांगला आहे. सगळ्यात महाग घ्यायची गरज नसते, सगळ्यात स्वस्त तर घेऊच नये. आणि ऊन समोर आलं, की फिल्टर कितीही चांगला असो, काढून खिशात ठेवावा.

"हे त्याने सांगायला हवं होतं," शार्दूल म्हणाला.

"हवं होतं." उस्ताद थांबले. "डाग तुला पहिल्यांदा कधी दिसला?"

शार्दूल कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळू लागला.

"शार्दूल."

"तिथंच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर."

"नाच चालू होता?"

"हो."

"मग फिल्टर काढला का नाहीस?"

"धूळ होती, उस्ताद. बारीक खडे उडत होते. एवढी भारी लेन्स… वाटलं, डाग मागाहून काढता येईल."

उस्तादांनी हात पुढे केला. शार्दूलने कॅमेरा दिला.

त्यांनी फिल्टर फिरवून काढला, बाजूला ठेवला. लेन्स खिडकीशी नेली आणि उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती. आवाज मात्र चढला नाही.

"एक चरा नाही," ते म्हणाले. "लेन्स छान वाचवलीस."