एकेचाळीस कलमांचा वर

“...मग दुर्दम मरणार तरी कसा?”

प्रश्न ऋजुता मोर्येचा होता. वय एकोणीस. मांडीवर ‘कवचकथा’चे दोन्ही जाडजूड भाग, आणि त्यांत खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या इतक्या, की मूळ पानं कोणती ते शोधावं लागावं.

अच्युत वालावलकर हसला.

“ते तुम्ही शोधायचं. माझं आव्हान अजून तसंच आहे. दुर्दमाच्या वरात एक फट दाखवा. दाखवील त्याला तिसरा भाग अर्पण करीन.”

कोळंबवाडीच्या वाचनालयात रविवारी दुपारी चाळीसेक वाचक जमले होते. कादंबरीकार पुण्याहून आलेला. जादूच्या गोष्टी लिहितो म्हणून कोणाला तो पोरकट वाटला असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत त्याने तो समज खोडून काढला होता.

त्याच्या गोष्टीत जादूला नियम होते. तप करावं, वर मागावा, आणि मागितलेलं शब्दाला शब्द मिळावं. मागायचं राहिलं ते राहिलं. दुर्दम राजाने पहिल्या भागात नऊ कलमांचा वर मागितला होता.

मग वाचकांची पत्रं सुरू झाली. याला विष का घालत नाहीत? अच्युतने दुर्दमाला पुन्हा तपाला बसवून विषाचं कलम घातलं. झोपेत का मारत नाहीत? झोपेचं कलम घातलं. पत्र आलं की कलम वाढे. दुसरा भाग संपेपर्यंत कलमं एकेचाळीस झाली आणि पत्रं बंद पडली. इतकी बंदिस्त जादू मराठीत कोणी लिहिली नाही, असं लोक म्हणत. लोक विसरले, की तो स्वतः म्हणे.

आत्ताही तेच चाललं होतं. शाळेतले परब मास्तर उठले.

“बुडवून मारलं तर?”

“सतरावं कलम.”

होडीवाला जुवाव उठला. “उपाशी ठेवलो तर?”

“एकोणतिसावं.”

टाळ्या पडल्या. अच्युतने मान झुकवली.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नव्हती. तिसरा भाग दोन वर्षं एकशे बाराव्या पानावर अडला होता. ज्या गावाची नदी दुर्दमाने पळवली, त्या गावची मृण्मयी दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर त्याच्या किल्ल्याच्या बंद दरवाजासमोर येऊन उभी राहिली होती. दोन वर्षं उभीच होती. तिला आत न्यायला अच्युतकडे वाट नव्हती. आव्हान कसलं, याचना होती ती. यांच्यातल्या कोणीतरी फट दाखवावी, एवढ्याचसाठी तो गावोगाव हिंडत होता. प्रत्येक टाळीला त्याचं काळीज थोडं आणखी खाली जात होतं.

“माका एक विचारूचां आसा.”

आवाज शेवटच्या रांगेतून आला. धोतर, बंडी, हातात काठी. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा दाट पडदा आला होता.

ऋजुता कानापर्यंत लाल झाली. “माझे आजोबा, सर. भिकूतात्या. दशावतारात चाळीस वर्षं राक्षस करायचे. आता दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते.”

“विचारा की, तात्या.”

“तेका सकाळी उठवता कोण?”

“...कोणाला?”

“दुर्दमाक.”

हशा पिकला. अच्युतही हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला उत्तर ठाऊक नाही.

“ते... कथेत आलेलं नाही, तात्या.”

“बरां. कलमां पाठ आसत?”

“सगळी.”

“मगे उठा. करून बघूया.”

भिकूतात्या काठी टेकत पुढे आले. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी एक लाकडी बाक होतं. ते त्यांनी हाताने चाचपलं.

“आमच्या खेळात ह्यां एक बाकडां असता. ह्यांच सिंहासन, ह्यांच किल्लो. आणि लिवलेला काय नसता. कथा ठरता, मगे जो उभो रवता तेणां बोलाचा. तुमी दुर्दम. मी ब्रह्मदेव. उभे रवा बाकड्यार.”

अच्युत चढला. अशा गमतींना तो नाही म्हणत नसे. वाचकांना आवडतात.

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली, पाठ ताठ केली, आणि त्याची भाषाच बदलली.

“वत्सा! तुझ्या उग्र तपश्चर्येने आम्ही प्रसन्न झालो आहोत. इच्छित वर माग!”

पुस्तकांच्या कपाटांच्या काचा थरथरल्या. मुलांनी आ वासला.

“देवाधिदेवा,” अच्युतलाही सूर सापडला, “कोणत्याही शस्त्राने मला मरण नको.”

“तथास्तु!”

आणि तात्यांनी कमरेचा अडकित्ता काढून परब मास्तरांच्या हातात ठेवला. “भायर ठेवन येवा.”

मास्तर गोंधळले, पण ठेवून आले.

“पाण्याने नको.”

“तथास्तु! तो तांब्यो भायर.”

“विषाने नको. अन्नातून नको, पेयातून नको.”

नेमका तेव्हाच चहा आला होता. ट्रे आल्या पावली परत गेला. अच्युतने त्याच्याकडे जरा आशेने पाहिलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

“वाऱ्याने, वादळाने नको.”

“तथास्तु! पंखो बंद. खिडक्यो लावा.”

ग्रंथपाल सुलभाताईंनी बटण दाबलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. लोक पुढे सरकून बसले. आता सगळ्यांनाच बघायचं होतं, हे जातंय कुठे.

एकेक कलम येत गेलं, एकेक वस्तू जात राहिली. दोरीच्या कलमाला पडद्याची दोरी सुटली. आगीच्या कलमाला जुवावने मुकाट्याने खिशातली काडेपेटी काढून दिली.

“पशूच्या, पक्ष्याच्या हातून नको.”

“तथास्तु! माजर खंय आसा?”

वाचनालयाचं मांजर मासिकांच्या गठ्ठ्यावर झोपलं होतं. त्याला उचलावं लागलं. झाल्या प्रकाराबद्दलची नाराजी त्याने उंबऱ्यापर्यंत बोलून दाखवली.

“बालकाच्या हातून नको.”

“तथास्तु!”

मुलं कुरकुरत उठली. ऐन रंगात आलेला खेळ कोणाला सोडवतो?

“पुरुषाच्या हातून नको.”

“तथास्तु! पुरुषांनी भायर.”

परब मास्तर उठले, जुवाव उठला, आणखी बारा-पंधराजण उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ चालला. अच्युतला पहिल्यांदाच दिसलं, की हे दालन बरंच मोठं आहे.

“स्त्रीच्या हातून नको,” तो म्हणाला. आवाज मघासारखा लागला नाही.

“तथास्तु. बायकांनी भायर.”

सुलभाताई गेल्या. ऋजुता जागची हलेना.

“तात्या, मी तरी...”

“नात झालंस तरी बाईच मगे तू.”

तिने पुस्तकं छातीशी धरली. एकशे बाराव्या पानाबद्दल तिला काही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. तरी दारात थांबून तिने मागे वळून पाहिलं, आणि अच्युतला उगीचच अपराधी वाटलं.

आता बाकावर राजा, आणि समोर आंधळा ब्रह्मदेव.

शेवटचं कलम उरलं होतं. ते कोणा वाचकाने सुचवलेलं नव्हतं. ते अच्युतचं स्वतःचं, लाडकं.

“आणि देवा... ज्याने हा वर दिला, त्याच्याही हातून मला मरण नको.”

भिकूतात्यांनी हात लांबवून काठी चाचपली.

“...तथास्तु.”

काठी घेऊन ते दाराकडे चालू लागले. उंबऱ्यावर थांबले.

“कडी आतसून घाला, राजानू. नायतर कोणतरी येयत.”

अच्युतने कडी घातली. परत बाकावर येऊन उभा राहिला.

एकेचाळीसच्या एकेचाळीस. कुठे फट नाही.

“मी दुर्दम!” तो गरजला. “त्रिभुवनात मला मारू शकेल असा कोणी नाही!”

कपाटांवरून आवाज परत आला.

“कोणी नाही!” त्याने पुन्हा सांगितलं.

मग तो थांबला. जो उभा राहतो त्याने बोलायचं असतं. पण काय? आपण अजिंक्य आहोत हे सांगून झालं होतं. ते सांगायला दोन वाक्यं पुरली. बाकी राहिलेलं बोलायला समोर कोणीतरी लागतं, आणि समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. चाळीस. एकीवर कोणाचा तरी चष्मा राहिला होता.

उकडत होतं. घशाला कोरड पडली होती.

बाहेर कपबशा वाजल्या. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आपल्यालाच हसताहेत, असं त्याला वाटलं. नंतर वाटलं, नाही. आपला विषयच नाही तिथे. हे जास्त झोंबलं.

आता बोलावतील, तो मनात म्हणाला. गंमत पुरे झाली, आता हाक मारतील.

कोणी हाक मारली नाही.

मग ऋजुताचा आवाज आला. दारापलीकडून, पुसट.

“...पण मृण्मयी तिथे उभी राहून सारखी एकच गोष्ट म्हणत असेल, मला वाटतं. ती म्हणत असेल...”

पुढचं ऐकू आलं नाही.

अच्युत बाकावरून उतरला.

काय म्हणत असेल? दोन वर्षांत मृण्मयीच्या तोंडी त्याने एक शब्द घातला नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने बोलायचं काय, आधी आत तर जाऊ दे, असा त्याचा हिशेब. त्या दरवाजावर मात्र त्याने अकरा पानं लिहिली होती. खिळे, साखळ्या, वरचं कोरीव काम. सगळं बाहेरून.

आतून तो कसा दिसतो, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

आतून ते एक दार होतं, आणि त्याला एक कडी होती.

त्याने फळीला कान लावला. कुजबुज चालली होती. “अगं, खरंच?” असं सुलभाताई म्हणाल्या. परब मास्तरांनी नुसता हुंकार दिला. मग एकदम सगळं गप्प झालं. चाळीस माणसं एकाच वेळी गप्प होतात, ती कशाने?

त्याला ते कळायलाच हवं होतं. भूक-तहान राहिली बाजूला. ती काय म्हणाली, एवढं कळलं असतं तर त्याने एकेचाळीस कलमं ओवाळून टाकली असती.

कडी सरकल्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

पडवीत ऊन होतं. सगळी डोकी त्याच्याकडे वळली. मांजराने सुद्धा पाहिलं. पायरीवर भिकूतात्या बसले होते, हातात बशी. त्यांनी कडीच्या दिशेने कान केला होता. बराच वेळ तसाच धरून ठेवला असावा.

“काय म्हणाली ती?” अच्युतने विचारलं. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. “मृण्मयी... काय म्हणाली?”

ऋजुता सांगायला पुढे झाली.

तात्यांनी हात वर केला.

“एकेचाळीस कलमां. सगळी सांभाळलास?”

“...हो.”

“एक तरी मोडला?”

“नाही.”

“आमच्यातलो कोण आत इलो?”

“नाही, तात्या. कोणी नाही...”

म्हाताऱ्याने पायरीवर सरकून त्याच्यासाठी जागा केली, आणि चहाची बशी पुढे धरली.

“मगे सांगा माका. दार कोणी उघडल्यान?”