शेंदराआडचा सेन्सर

फार जुनी नाही, गाड्यांना नुकतीच अक्कल फुटली तेव्हाची गोष्ट. एका गाडीच्या काचेमागचा सेन्सर वायपरला म्हणाला, "पाऊस आला की नाही, ते मी ठरवणार. तू हुकूम आल्यावरच हलायचं."

या नव्या गाडीच्या पूजेला मालकीण रजनीवहिनींनी तेलातल्या शेंदराचं स्वस्तिक काचेवर नेमकं सेन्सरच्या डोळ्यासमोर काढलं. सेन्सरसाहेब आणखीच फुगले.

पुढे एकदा घाटात पाऊस कोसळला. मागे बाळ तापानं फणफणलेलं आणि समोर रस्ता दिसेना.

"साहेब, पुसू का?" वायपरनं विचारलं.

"कशाला? सगळं कोरडं तर आहे."

वहिनी थांबत थांबत, ओढणीनं काच पुसत कशाबशा दवाखान्यात पोचल्या. तोवर पाऊस ओसरला होता आणि शेंदूरही निघाला होता.

"अरे, थेंब दिसतायत. पूस लवकर," सेन्सर म्हणाला.

"हुकूम त्या ओढणीला द्या, साहेब," वायपर म्हणाला. "ती तुमच्यासाठी थांबली नाही."