कुंभारीण माशी आणि गळका सांधा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माश्यासुद्धा माणसांशी बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा-म्हातारी राहत. त्यांचा चिमुकला पानमळा होता. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी एकात एक बसवलेल्या मातीच्या नळांतून मळ्यात यायचं. एकदा दोन नळांचा सांधा सुटला आणि पाणी वाटेतच गळू लागलं. पानवेली माना टाकू लागल्या. मळा गेला तर दोघांच्या पोटाला दुसरं काही नव्हतं. नवा नळ आणायची ऐपत नव्हती.

म्हातारा रोज सकाळी सांध्यावर चिखल थापायचा आणि दुपारपर्यंत तो वाहून जायचा. म्हातारीने लुगड्याची चिंधी आवळून बांधली, तीही ठिबकली. मग दोघं एकमेकांवर घसरली. चिखल पातळ होता असं ती म्हणे, गाठ सैल होती असं तो म्हणे.

गळतीपाशी एक कुंभारीण माशी घरट्यासाठी चिखल न्यायला यायची. तिला या दोघांची दया आली.

ती म्हणाली, "आजोबा, ओल्यावर ओलं धरत नाही. मी एक गोळी लावते, ती सुकू देते, मगच दुसरी आणते. पाणी बंद करा नि सांधा वाळू द्या."

म्हातारा दचकला. वाहता झरा अडवला की झऱ्याची देवी कोपते, असं त्या गावात मानत. आजवर कुणी तो अडवला नव्हता. आणि आधीच तहानलेल्या वेलींचं पाणी तोडायचं तरी कसं? पण म्हातारी उठली. झऱ्यावर जाऊन तिने हळदकुंकू वाहिलं, देवीला सगळं सांगितलं आणि गवताचा बोळा नळाच्या तोंडात घातला. लेकरांची अडचण आईला कळते, एवढाच तिचा भरवसा होता.

सांधा वाळेपर्यंत दोघांनी घागरींनी वेलींना पाणी घातलं. सांधा कोरडा झाल्यावर म्हाताऱ्याने पानाचा चुना, दिव्यातलं जवसाचं तेल आणि स्वतःच्या उशीतला कापूस एकत्र कुटून त्यात भरला. मग त्याला धीर धरवेना. तो सारखा बोळा काढायला निघायचा.

"अहो, बसा जरा," म्हातारी त्याचा हात धरून म्हणाली. "वेलींची काळजी मलाही आहे. पण आता हात लावलात तर सगळंच जाईल."

तो बसला. तिच्याशेजारी असं निवांत बसून किती दिवस झाले होते, हे त्याला तेव्हा उमगलं. चिंधीची गाठ घट्टच होती, हेही त्याने कबूल केलं. म्हातारीला हसू आलं.

लिंपण कडक झाल्यावर त्यांनी पाणी सोडलं. एक थेंबही गळला नाही. वेलींनी माना वर केल्या, नवी पालवी फुटली. कुंभारणीचा चिखल मात्र बंद झाला, म्हणून म्हातारी रोज अंगणात तिच्यासाठी लोटाभर पाणी ओतू लागली. म्हातारा उशीवाचून हातावर डोकं टेकून झोपे, आणि तरी त्याला छान झोप लागे.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: तुटलेलं सांधायचं असेल, तर आधी थोडं थांबायला शिकावं.