चार चाकांचे मानकरी

कातळदुर्गचे महाराज एकाच सकाळी दोनदा वाळूत रुतले! एका नव्या गाडीत रुतले म्हणून दुसरीत बसले, आणि तीही रुतली.

दोन्ही गाड्या एकाच पिकअपच्या, फरक फक्त आवृत्तीचा. ‘मरुराज’ वाळूसाठी: लांब स्प्रिंगा आणि भन्नाट वेग. ‘शिलाराज’ खडकासाठी: पोटाखाली लोखंडी पत्रा, गोगलगायीला कंटाळा येईल असा सावकाश गिअर, आणि एक चाक अधांतरी राहिलं तरी जोडीच्या चाकाला जोर पोचवणारी कळ. एक ठेवून घ्यायची, दुसरी कंपनीचा माणूस सूर्यास्ताला परत नेणार. पण ठरवायचं कसं? बंदराच्या धक्क्यापासून राजवाड्यापर्यंत आधी वाळूची पुळण आणि मग कातळाचा चढ. वाळूत दोन्ही रुतल्या. ढकलत कातळापाशी नेल्या, तर तिथे रबरी चेंडूसारख्या उडून मागे आल्या.

पुळण संपते आणि कातळ सुरू होतो, नेमकं तिथे रत्नू घाडीचं पंक्चरचं दुकान. रत्नूला हसू आवरलं नाही. महाराजांना ते ऐकू आलं.

“कोण हसलं?”

“मी, महाराज. चाकांना हसले.” रत्नूने पुढे होऊन हवा मोजली. “साठ पौंड! अहो, ही चाकं आहेत की तोफेचे गोळे?”

दिवाण खाकरले. “पोरी, ही मानाची हवा आहे. थोरल्या महाराजांनी पहिली मोटार आणली, तेव्हा चार सरदारांना एकेका चाकात हवा भरण्याचा मान दिला. वंशपरंपरागत!”

चारही सरदार पंप घेऊन उभेच होते. उजव्या पुढच्या चाकाच्या सरदारांनी त्या सकाळी दहा दट्टे जास्त मारले होते. म्हणून डाव्या मागच्यांनी बारा मारले.

“मग थोडी सोडा की!”

चार हात चार तलवारींकडे गेले. “भरलेला मान सोडायचा?”

“आणि पंक्चर झालं तर?”

“तीन दिवस सुतक पाळतो,” दिवाण म्हणाले.

महाराजांनी मिशीवर हात फिरवला. “फार हसलीस! आता तूच सांग, वाळू आणि कातळ दोन्हींवर सरस गाडी कोणती? सूर्यास्ताच्या आत चालवून दाखव. मात्र एकाही सरदाराचा मान केसभरही कमी होता कामा नये. जमलं नाही, तर तुझं दुकान उठवून तिथे गाडीसाठी गॅरेज बांधू!”

रत्नूने दुकानाकडे पाहिलं. पत्र्याची शेड, वडिलांनी स्वतः ठोकलेली. पण खरी किंमत जागेची. अख्ख्या संस्थानात गाड्या खात्रीने बंद पडतात अशी जागा ही एकच. दुसरीकडे जाऊन तिने काय खावं?

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “दिवाणसाहेब, मानांची यादी बघून सांगा. हवा भरण्याचा मान चौघांचा. हवा सोडण्याचा मान कोणाचा?”

दिवाणांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. “कोणाचाच नाही.”

“अगंबाई! एवढ्या मोठ्या दरबारात एक मान बेवारस पडलाय?”

चारही सरदारांचे कान टवकारले. मग उजवे पुढचे म्हणाले, “तो आमच्याच घराण्याचा!”

“तुमचा कसा? डावी बाजू काय मेली?” डावे मागचे गरजले. तलवारी पुन्हा हलल्या. आता मात्र हवा सोडायला मिळावी म्हणून!

“भांडू नका,” रत्नू म्हणाली. “ज्याचं चाक त्याचा मान. फक्त एक अट. माझा काटा पंधरावर आला की थांबायचं. जो पुढे जाईल त्याचा मान जप्त.”

महाराजांनी मान डोलावली. सरदारांनी पंप टाकले आणि उकिडवे बसून, श्वास रोखून, आठही चाकांची हवा सोडली. आयुष्यात पहिल्यांदा ते एकमेकांकडे न बघता काट्याकडे बघत होते.

चाकं पसरट झाली आणि मरुराज पुळणीवरून सुसाट निघाली. मागून शिलाराज डुलत डुलत आली, पण आली. कातळाशी रत्नूने काटा विसावर न्यायला सांगितला, म्हणजे सरदारांना भरण्याचाही मान मिळाला. शिलाराज घोरपडीसारखी दगड धरून वर चढली. मरुराज अर्ध्यावर तिरकी झाली, एक चाक हवेत गरगरत राहिलं, आणि तिला दोर लावून खाली आणावं लागलं.

“शिलाराज ठेवा, महाराज,” रत्नू म्हणाली.

कंपनीचा माणूस पुढे सरसावला. त्याला महागडी मरुराज खपवायची होती. “महाराज, पुळण तर मरुराजने निम्म्या वेळात पार केली! राजाला वेग शोभतो!”

महाराज विचारात पडले. वेग त्यांना आवडायचा.

“बरोबर आहे,” रत्नू म्हणाली. “पण पुळण माझ्या दारात संपते, राजवाडा कातळावर आहे. इतक्या घाईने येऊन महाराज रोज माझ्या दुकानात बसणार असतील, तर मरुराज ठेवा. मी आत्ताच चहा टाकते!”

महाराज असे हसले की फेटा सुटून पायदानावर पडला. तो उचलण्याचा मान कोणाचा, यावर लगेच सरदारांत जुंपली.

“मरुराज परत न्या!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “दिवाण, लिहा. हे दुकान इथेच राहील, त्यावर आमच्या खर्चाने मंगलोरी कौलं घाला. आणि हवा मोजण्याचा मान आजपासून घाडींचा, वंशपरंपरागत! चारही सरदारांनी रोज सकाळी गाडी हिच्या दारात आणायची आणि ही म्हणेल तिथे थांबायचं!”

रत्नूने काटा पदराला पुसला. “उद्या सातला या, सरदार,” ती म्हणाली. “आणि रांगेत.”