न विझलेली बॅटरी

“वर काढला तेव्हा दादाच्या मुठीतली बॅटरी जळतच होती... मग दादा कसा विझला?”

गोरखने अख्ख्या वाडीला विचारून पाहिलं. जो तो म्हणे पाण्यातल्या आसरांनी, त्या भुतांनी ओढला. त्याचा थोरला भाऊ सुदामदादा वाडीची पडीक विहीर उपसायला उतरला होता; मेलेला वर आला, तर अंगावर साधा ओरखडा नव्हता.

तेरावं उरकलं आणि गोरख खांद्यावर दोर टाकून विहिरीवर आला. दादाचा काढायचा राहिलेला गाळ तोच काढणार होता.

काठावर लतीफचाचा बसले होते. साठ विहिरी खणलेला माणूस.

“सरका चाचा. खाली कोण बसलंय, बघतोच.”

“बघ की. आधी यात फुंक.”

चाचांनी पानाचा चुना पाण्यात कालवून निवळी धरली होती. पेल्यात नितळ पाणी. गोरखने पपईच्या देठाच्या नळीतून फुंकलं. पाणी दुधासारखं झालं.

“आत घेतलेला श्वास की टाकलेला?”

“टाकलेला. त्याचं काय?”

चाचांनी निवळीचा दुसरा पेला बादलीत ठेवला, शेजारी पेटता कंदील, आणि दोर सोडला. तीन परस, म्हणजे तीन माणूस खोल गेल्यावर ज्योत लवली... गेली.

घटकाभराने बादली वर आली. पेला पांढरा.

“खाली कोणी नाही, बेटा. नुसता टाकलेला श्वास. घ्यायला काही उरलं नाही.”

गोरखने खिशातल्या बॅटरीवर हात ठेवला.

“दादा कंदीलच घेऊन निघाला होता... मीच हसलो. म्हातारा झालास का, म्हटलं. आणि ही नवी बॅटरी हातात दिली.”

चाचांनी निरगुडीच्या फांद्यांचा भारा त्याच्याकडे सरकवला.

गोरखने भारा दोराला बांधून विहिरीत सोडला. खेचला. सोडला. आतली हवा ढवळत राहिला. तळहात सोलले. मधूनमधून कंदील सोडून पाही. चारदा विझला.

ऊन कललं तेव्हा ज्योत गाळापर्यंत पोचली. थरथरत होती, पण जिवंत.

त्याने कमरेला दोर बांधला. खिशातली दादाची बॅटरी काढली आणि झुडपात भिरकावायला हात उगारला.

चाचांनी मनगट धरलं.

“कंदिलाबरोबर तीही घे. ती खोटं बोलली नव्हती, बेटा... तिला श्वास लागत नाही, एवढंच.”