उस्तिन्यानं पाडलेली वाट

लुझोमा नदीवर जेव्हा पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. रशियाच्या पार उत्तरेला, जिथं हिवाळा आला की अर्धं वर्ष मुक्काम ठोकून बसतो, तिथं स्तारी बोर नावाचं गाव आहे. नदीच्या अलीकडे हे गाव, पलीकडे झारेच्ये. दुकान, दवाखाना, सुईण, सगळं पलीकडे. उन्हाळ्यात होडी असायची. नदी गोठली की मात्र पायांना लाकडी स्की बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून घसरत निघायचं.

त्या गावात उस्तिन्या राहायची. गाईंची धार काढायची. अंगानं दणकट, बोलायला कमी. असं म्हणतात, की तिच्या जन्माच्या वेळी दारं बर्फानं बुजली होती, म्हणून बापानं तिला खिडकीतूनच बाहेरचं जग दाखवलं, आणि गार वारा तोंडाला लागताच पोर रडायची थांबली.

एका हिवाळ्यात तिची धाकटी बहीण अक्सिन्या बाळंतपणात अडली. बाहेर बर्फाचं वादळ घोंघावत होतं. पुरुषमाणसं म्हणाली, जरा ओसरू दे, मग जाऊ. उस्तिन्यानं कुणाशी वाद घातला नाही. स्की बांधल्या, पलीकडे गेली आणि सुईणीला पाठीवर बांधून घेऊन आली. सुईण चांगली भारदस्त होती. तरी उस्तिन्याची चाल अशी, की वाटेत सुईणीला डुलकी लागली, असं म्हणतात. बाळ सुखरूप झालं, अक्सिन्याही वाचली.

वादळ निवल्यावर येफिम साविच नावाचा शिक्षक जिल्ह्याच्या गावाहून त्या वाटेनं आला. मुलांना स्कीच्या शर्यतींसाठी तयार करायचा. नदीवर अजून न बुजलेल्या स्कीच्या खुणा बघून तो जागीच थांबला. एका रेट्यात एवढं अंतर कापणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. कुणीतरी धिप्पाड गडी असणार, असं समजून तो त्या खुणांमागून निघाला आणि थेट गोठ्यात पोचला. तिथं उस्तिन्या दुधाची बादली घेऊन उभी.

त्यानं शर्यतीला चला म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, की मग धारा कोण काढणार?

"मी काढीन," अक्सिन्या दारातून म्हणाली. "जा तू."

पहिल्या शर्यतीत उस्तिन्याला वाटलं, कुणाला न बोलता मागं टाकणं बरं दिसत नाही. म्हणून जिला गाठेल तिला नमस्कार करायची, बरी आहेस ना विचारायची आणि पुढं जायची. सगळ्यांची विचारपूस करून होईस्तोवर पहिली आली. मग जिल्हा झाला, प्रांत झाला, मॉस्को झालं. ती पडली, तिच्या काठ्या मोडल्या, हरलीसुद्धा. पण रानातून धावताना ससे तिच्या बरोबरीनं पळायचे, असं म्हणतात, आणि ते दमून बसले तरी ती थांबायची नाही.

शेवटी तिला परदेशातल्या मोठ्या शर्यतीसाठी निवडलं. सगळं गाव रेडिओभोवती जमलं होतं. त्या शर्यतीत एकेकीला थोड्या थोड्या अंतरानं सोडायचे. जिला सर्वांत कमी वेळ लागेल, ती जिंकली. चिठ्ठीत उस्तिन्याचा नंबर पहिला निघाला. आणि नेमका त्याच सकाळी असा बर्फ कोसळू लागला, की आखलेली वाट पुसून गेली.

येफिम साविचचा चेहरा पडला. "उस्तिन्या पेत्रोव्ना, माझं ऐका. दुसरी मागून येईल, तिला पुढं जाऊ द्या आणि तिच्या चाकोरीतून चला. ताज्या बर्फात पहिलं जाणाऱ्याचे पाय गळतात."

उस्तिन्या स्कीचे पट्टे आवळत होती. "तीही असंच म्हणाली, तर?"

येफिम साविच पुसून गेलेल्या वाटेकडे बघू लागला.

"सगळ्याच थांबून राहतील," ती म्हणाली. "कुणीतरी वाट पाडायला हवी. आज माझा नंबर आहे, मी पाडते."

आणि ती निघाली. बर्फ गुडघ्यापर्यंत. पहिल्या चढावर तिला राग आला, दुसऱ्यावर रडू आलं. तिसऱ्यावर मात्र मागून येणाऱ्या स्कींची सळसळ ऐकू आली, आणि आपण पाडलेल्या वाटेवरून माणसं सरसर येताहेत हे कळून तिला फार बरं वाटलं. असं म्हणतात, की त्या दिवशी आकाशातून बर्फ पडत होता, पण तिच्या चाकोरीत एक कणही टिकत नव्हता.

ती चौथी आली. जिंकलेली नॉर्वेची बाई तिच्यापाशी आली. दोघींना एकमेकींची भाषा येईना. तेव्हा त्या बाईनं गुडघे टेकले आणि हातमोज्यानं उस्तिन्याच्या स्कीवरचा बर्फ झाडला.

घरी परतताना उस्तिन्या वाटभर एकच विचार करत होती. गावाला काय तोंड दाखवायचं? काठावर अक्सिन्या उभी होती, कडेवर पोर.

"चौथी आलीस?"

"चौथी."

"चल, सूप गरम आहे."

पुढच्या वर्षी तीच शर्यत तिनं जिंकली, नंतर आणखी कितीतरी. पदकं इतकी झाली, की मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पण म्हाताऱ्या उस्तिन्याला मुलं विचारायची, तेव्हा चौथी आलात तीच गोष्ट सांगा म्हणायची. ती सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी स्की बांधून पलीकडे पाव आणायला जायची. पुष्कळ जगली, झोपेतच गेली. त्या सकाळी नदीवर ताजा बर्फ होता, आणि तिच्या दारापासून पलीकडच्या काठापर्यंत दोन सरळ चाकोऱ्या उमटल्या होत्या. त्या कुणी पाडल्या, ते कुणालाच ठाऊक नाही.

आता नदीवर पूल आहे. तरीही हिवाळ्यात बर्फ पक्का झाला की गावातलं एक माणूस सर्वांच्या पुढं नदीत उतरतं आणि उस्तिन्याच्या नावानं वाट पाडतं. दर वर्षी पाळी नव्या माणसाची. त्याला मदत करायची नाही, घाई करायची नाही. बाकीचं गाव एका रांगेत मागून येतं. गेल्या खेपेला पाळी शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंची, ग्लाफिराची होती. नदीच्या मधोमध त्या घसरल्या, तिथंच फतकल मारून बसल्या आणि खो खो हसू लागल्या. मागं अख्खं गाव काठ्यांवर रेलून उभं राहिलं, गप्पा मारत, त्यांचं हसणं थांबायची वाट बघत.