शेवटच्या डोंगरावरचा जाळ

फार पूर्वी, मार्गशीर्षातल्या एका पंचमीला, थंडी बेताची आणि आभाळ निरभ्र असताना, एका सम्राटाने राजधानीच्या वेशीवर एक कोरा दगड उभा केला आणि इतिहास लिहिणाऱ्या बाईंना बोलावले.

"बाई, यावर कोरून घ्या, की हे साम्राज्य नाही. नऊ डोंगर माझे मित्र आहेत. पाटील त्यांचे, झेंडे त्यांचे. सुगीचा जाळसुद्धा आधी माझा पेटतो, मग आनंदाने त्यांचे."

"आनंदाने की कसे, ते पाहून येते," बाई म्हणाल्या.

त्या थेट शेवटच्या डोंगरावर गेल्या. तिथे कापलेल्या नाचणीची उडवी रचलेली होती आणि तिच्यावर पाखरे तुटून पडली होती. गावची पाटलीण गोफण फिरवून दमली होती.

"मळणी का करत नाही?" बाईंनी विचारले.

"जाळ झाल्याशिवाय मळणी नाही, अन् राजधानीच्या आधी जाळ नाही. त्यांचा गहू पिकणार फाल्गुनात. तोवर इथं पाखरांची पंगत. पोरांना काय, नुसती फोलपटं?"

"नाही म्हणून पाहिलंत?"

"माझ्या आज्यानं पाहिलं होतं. त्यानंतर आज्याला कुणी पाहिलं नाही."

बाई परतल्या. "महाराज, मित्राला नाही म्हणता येतं?"

"येतंच की."

"मग एखाद्या डोंगराने आधी जाळ केला तर?"

सम्राट हसला. "करू दे. माझा तसा निरोप पाठवा."

निरोप ऐकून पाटलीण म्हणाली, "महाराज बोलले खरे. त्यांच्या घोड्यांना कुणी सांगितलंय का?" मग तिने उडवीकडे पाहिले, जाळासाठी रचून ठेवलेल्या लाकडांपाशी गेली आणि चकमक उचलली.

दिवेलागणीला राजधानीच्या तटावर एकच गलका उठला. दूरवर, शेवटच्या डोंगरावर, लाल ठिपका! तो वाढला, उंच झाला. लोक एकमेकांच्या खांद्यांवरून पाहू लागले.

सेनापती धावत आला. "महाराज, बाकीचे आठ डोंगरही बघताहेत."

"घोडे काढा," सम्राट म्हणाला.

खाली खोगिरे चढू लागली. बाई शेजारीच उभ्या होत्या. "महाराज, मग दगडावर काय कोरून घेऊ?"

"सांगितलं ना? मित्र..." सम्राटाने खाली घोड्यांकडे पाहिले, मग जाळाकडे. तेवढ्यात दुसऱ्या डोंगरावर ठिणगी उडाली. मग तिसऱ्या.

"हुकूम, महाराज?" सेनापतीने विचारले.

"खोगिरे उतरवा," सम्राट हळूच म्हणाला. "आणि बाई, आता तरी मित्र लिहा."

"एका संध्याकाळवरून कसं लिहू? जे पाहिलं तेवढंच लिहीन."

दगडावर कोरले गेले ते असे: 'आजच्या दिवेलागणीपर्यंत हे साम्राज्य होते. पुढचे पुढच्यांनी पाहून लिहावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या डोंगरावर मळणी सुरू झाली. पाखरांच्या वाट्याला खळ्यात सांडलेले दाणे आले.

तात्पर्य इतकेच: सत्ता कुठवर पोचते हे जाणायचे असेल, तर तिला 'नाही' म्हणणाऱ्याचे काय झाले, ते शेवटच्या गावात जाऊन विचारावे.